आठ तारा

तारेचं नेट बंद पडलं, की आधी खाली वाकावं. पडद्यावरच्या सूचना नंतर. आधी संगणकाच्या पाठीमागे, वायर खोचलेल्या खाचेशेजारचा इवलासा दिवा पाहावा. तो लुकलुकत असेल तर मग आयपी पत्त्याकडे वळायचं. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि संगणकाने आपला आपण तात्पुरता लावून घेतला आहे. पण दिवाच नसेल, तर सेटिंग्ज उलटसुलट करत रात्र घालवू नये. दुखणं तारेत आहे, खाचेत आहे किंवा स्विचमध्ये आहे. चालत असलेली दुसरी वायर लावून बघायची, मग स्विचचं दुसरं पोर्ट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या, तर नेट सुरू होतं, पण बिघाड कुठे होता ते कळत नाही आणि तो पुन्हा येतो.

मला तारेचं नेट आवडतं ते यासाठीच. इथे बिघाडाला जागा असते, बोट ठेवता येईल अशी. दाराच्या फटीत चेपलेली, उंदराने कुरतडलेली, कपाटामागे काटकोनात मुरडलेली. पावसाळ्यात दोन इमारतींमधून टांगलेल्या तारेवाटे विजेचा झटका येतो आणि पोर्ट कायमचं मुकं होतं. अशा ठिकाणी तांब्याऐवजी फायबरच टाकावी.

तालुक्याच्या गावी एका अभ्यासिकेत मी असा बिघाड पाहिला, जो मनातून जात नाही. स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे फॉर्म भरतात. मागच्या खोलीतलं नेट यायचं, जायचं. शेवटच्या तारखेला तर हमखास जायचं. टेस्टर लावला, तर आठही दिवे ओळीने लागले. कनेक्टर काचेसारखा पारदर्शक, म्हणून रंग वाचता आले. केशरी जोडी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना तंतोतंत तशीच. डोळ्याला किती नीटनेटकं! आणि तेच चुकलेलं.

या केबलमध्ये तारा आठ, पण जोड्या चार, आणि प्रत्येक जोडी पिळलेली. हा पीळ अलेक्झांडर ग्रॅहम बेलचा. त्याचं पेटंट त्याने १८८१ साली घेतलं. शेकोटीशेजारी दोघी फुगडी खेळत असतील, तर धग दोघींना सारखीच लागते. तसा बाहेरचा विद्युत गोंगाट पिळलेल्या दोन्ही तारांना सारखाच लागतो. पलीकडचं यंत्र दोहोंतला फरक तेवढा वाचतं, म्हणून सारखा गोंगाट आपोआप वजा होतो.

कनेक्टरच्या तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवर एकाच जोडीच्या तारा हव्यात. रंगांच्या सरळ ओळीत तिथे एक हिरव्या जोडीची येते, दुसरी निळीची. वीज पोचते, म्हणून टेस्टर खूश. पण फुगडीचे हात सुटलेले असतात. आखूड वायरीत हे खपून जातं, लांब वायरीत नाही. म्हणून खरा क्रम असा: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीला कुशीत घेऊन बसते, कारण मधल्या दोन पिना जुन्या टेलिफोनच्या जोडीसाठी राखलेल्या होत्या. दोन्ही टोकं कापून नव्याने क्रिम्प केली आणि मागच्या खोलीतलं नेट स्थिर झालं.

याहून फसवा बिघाड म्हणजे नुसतं मंदावलेलं नेट. शंभर मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली, तर पुष्कळदा संगणक निमूटपणे शंभरावर उतरतो. दिवा लागलेला, नेट चालू, आणि माणसं सेवा पुरवणाऱ्याला बोल लावत राहतात.

स्वस्त म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल खपवतात. ती घेऊ नका. भिंतीत टाकायची असेल, तर अस्सल तांब्याचीच मागा, कनेक्टरपाशी पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू देऊ नका, सलग लांबी शंभर मीटरच्या आत ठेवा. आणि तारेवरची पट्टी बंद करण्याआधी दोन्ही टोकांना खोलीचं नाव लिहून चिकटवा. पुढे तिथे दुसरंच कुणी वाकलेलं असेल.