सेल्फचे आयुष्य

सेल्फ किती वर्षे टिकतो, यापेक्षा तो किती वेळा मारला हे विचारावे. घरची गाडी दिवसातून दोनदा सुरू होते. आम्हा दोघा भावांची टॅक्सी प्रत्येक भाड्याला. दर वेळी आतले कार्बन थोडे झिजतात, सोलेनॉइडचे पॉइंट जळतात. बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल सैल असले की मोटर रखडते, तापते. एका दमात दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये. पण घाईत कोण ऐकतो!

यंदा नुसता ‘टक’ आवाज येऊ लागला. मेकॅनिक म्हणाला, नवाच घ्या. मुलांच्या फीचे पैसे त्यात जात होते. आई म्हणाली, आधी उघडून तर बघा. बॅटरी तपासली, ठणठणीत. सेल्फ उघडला, तर कार्बन संपलेले. तेवढेच बदलले, फी वेळेवर भरली.