हात आत का जातो?

भोसरीच्या एमआयडीसीत, गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी होतो. १९४८च्या कारखाने अधिनियमानुसार हे पद सक्तीचं होतं ते हजार किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे. आमच्याकडे तेवढी माणसं नव्हती, पण पॉवर प्रेसची लांबलचक ओळ होती. प्रेसखाली बोट सापडलं की ते गेलंच, हे मालक जाणून होते, म्हणून पद ठेवलं होतं.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या मॅडम एका सकाळी अचानक तपासणीला आल्या. आधी त्यांनी कागद पाहिले. क्रेनची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी व्हावी लागते, तो दाखला, कॉम्प्रेसरच्या टाकीचा चाचणी अहवाल, अपघातांची नोंदवही. प्रथमोपचार पेटी उघडून औषधांवरच्या तारखा वाचल्या. पिण्याच्या पाण्याचा नळ मुतारीपासून किमान सहा मीटरवर आहे ना, हेही पाहिलं. इथवर सगळं ठीक होतं.

मग प्रेस शॉप. एका मशीनपाशी त्या थांबल्या आणि काही न बोलता बघत राहिल्या. प्रेसला समोर दोन बटणं होती. दोन्ही हात बटणांवर असले तरच स्ट्रोक पडावा, म्हणजे हात डायमध्ये राहूच नये, अशी ती सोय. इथे डाव्या बटणाच्या फटीत रबराचा तुकडा कोंबून ते दाबलेलंच ठेवलं होतं. ऑपरेटर उजव्या हातानं दुसरं बटण दाबत होता आणि डाव्या हातानं पीस काढत होता.

मॅडमनी मशीन बंद करायला लावलं आणि शांतपणे विचारलं, "मामा, हात आत का घालता?"

मामा आधी माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "जे आहे ते सांगा, मामा."

"अहो मॅडम, पीस डायला चिकटतोय. ओढल्याशिवाय निघत नाही. दोन्ही बटणं दाबत बसलो तर तासाचं टार्गेट कसं भरणार?"

मॅडमनी शेरा लिहिला आणि ती प्रेस दुरुस्तीपर्यंत बंद ठेवायला सांगितली. त्या गेल्यावर व्यवस्थापकांनी मामांना मेमो द्यायचं ठरवलं. मी त्याला ठाम विरोध केला. मामांनी खरं कारण सांगितलं होतं. त्याबद्दल मेमो दिला असता, तर पुढच्या तपासणीत एकाही कामगारानं तोंड उघडलं नसतं.

डाय उतरवून बघितली. पीस बाहेर ढकलणारी स्प्रिंग नरम पडली होती. ती बदलली, पीस उडवायला हवेचा नोझल बसवला, अडकलेल्या पीससाठी लांब दांड्याचं चुंबक दिलं. बटणांची वायरिंग बदलून घेतली: दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय स्ट्रोक नाही, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा नाही. आता रबर कोंबलं तर प्रेस चालतच नाही. टार्गेटही नव्यानं ठरवलं, तेही ऑपरेटरांना सोबत घेऊन.

जुन्या की-क्लच प्रेसना लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशकिरणांच्या आड हात आला की मशीन थांबवणारा पडदा बसवावा, असंही कुणीतरी सुचवलं. पण त्या प्रेसचा क्लच एकदा लागला की स्ट्रोक मध्येच थांबत नाही. कर्टनला हात दिसला तरी डाय खाली येतेच. तिथे आम्ही जाळीचे पक्के गार्ड लावले. पत्रा आत सरकेल, पण बोट जाणार नाही, एवढीच फट ठेवली.

हे सगळं आम्ही पूर्तता अहवालात फोटोंसह लिहिलं. 'कामगारास समज दिली' हे वाक्य मी त्यात येऊ दिलं नाही. तपासणीला सामोरं जाणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे. रजिस्टरं चोख ठेवाच. पण शेरा आला की आधी मशीनपाशी उभे राहा, ते चालवणाऱ्याला कारण विचारा आणि ते कारण दूर करा. त्यानंतरच उत्तर लिहायला बसा.