दहा सेकंदांचा नमुना

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीतल्या आजी खुर्चीत टेकता टेकताच सांगतात, "कीड नाही हो डॉक्टर, नुसता दात हलतोय." डॉक्टर विल्यम्स प्रोब उचलतात. मिलिमीटरच्या रेघा आखलेली ही बारीक, बोथट सळई. वाचताना घोळ होऊ नये म्हणून ४ आणि ६ च्या रेघा मुद्दाम गाळलेल्या. निरोगी हिरडीत ती ३ पर्यंत उतरते. आजींच्या दाढेमागे ७ ची रेघ बुडाली.

जंतूंचा नमुना मात्र त्याच दिवशी घेतला जात नाही, कारण सळईने रक्त येऊ शकतं. पुढच्या खेपेला दात आणि हिरडीमधली सर्वात खोल फट निवडायची, कापसाच्या गुंडाळ्यांनी लाळ अडवायची, हिरडीच्या वरचा थर खरवडून काढायचा. मग निर्जंतुक कागदी टोक, रूट कॅनलमध्ये ओल टिपतात तेच, तळाला टेकेपर्यंत सरकवायचं आणि दहा सेकंद थांबायचं. टोक लाळेला लागलं तर ते टाकून नवं घ्यायचं. प्रयोगशाळेतलं यंत्र कितीही महागडं असलं, तरी या दहा सेकंदांत जे टिपलं तेवढंच ते मोजतं.

यंत्र शोधतं ते मुख्यतः तीन जंतूंना: पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनरेला फोर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला. बोस्टनच्या सिग्मंड सॉक्रन्स्की आणि सहकाऱ्यांनी १८५ जणांच्या तोंडातले १३ हजारांहून अधिक नमुने तपासले. खोल, रक्ताळणाऱ्या फटींत हे तिघे बरोबरच सापडत होते. १९९८ साली त्यांना 'लाल गट' हे नाव मिळालं. त्यांना प्राणवायू सोसत नाही, त्यामुळे ते वाढवून मोजणं जिकिरीचं. म्हणून यंत्र पीसीआर हे तंत्र वापरतं: त्यात त्यांच्या डीएनएच्या प्रती फेरीगणिक दुप्पट होतात. जितक्या कमी फेऱ्यांत खूण उमटते, तितके जंतू जास्त. पण मेलेल्या जंतूंचा डीएनएही या मोजणीत येतो. शिवाय तो आकडा त्या एका फटीचा असतो, सगळ्या तोंडाचा नव्हे.

आणि सगळ्यांचं शरीर जंतूंना सारखं उत्तर देत नाही. संशोधक हॅराल्ड लो यांनी १९७० पासून १५ वर्षं श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या ४८० पुरुष मजुरांच्या हिरड्यांचा मागोवा घेतला. दात घासण्याची रीत नव्हती, थर सगळ्यांच्याच दातांवर होता. तरी सुमारे ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, तर ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही.

म्हणून डॉक्टर प्रयोगशाळेचा अहवाल सळईच्या तक्त्याशेजारी ठेवूनच वाचतात, आणि विचारतात, "आजी, साखर तपासली? मिश्री लावता?"

"मिश्री होय, रोज सकाळी. पण रक्त कधी आलं नाही हो."

हे न येणारं रक्तच फसवतं. मिश्रीतल्या तंबाखूमुळे आजार आत वाढत असला तरी रक्त कमी दिसू शकतं. तेव्हा घरात कुणी मिश्री लावत असेल, तर रक्ताची वाट पाहू नका. वर्षातून एकदा त्यांच्या हिरड्या सळईने मोजून घ्या.