नाताळला कोणत्या गावी जावे?

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलांना नाताळची सुट्टी, आपल्या उरलेल्या रजा, आणि प्रश्न एकच, जायचे कुठे? गोव्याची तिकिटे परवडत नाहीत. लोणावळ्याला जायचे म्हणजे घाटात गाडीतच सुट्टी संपते. महाबळेश्वरला माणसाला माणूस धडकतो. मग कोणीतरी म्हणते, एखादे छोटे, छान गाव बघा ना. यंदा आमच्या घरात हे काम माझ्यावर आले. चार-सहा दिवस गावे शोधताना जे मनात आले ते लिहितो. वाचकांपैकी कोणाला उपयोग झाला तर बरेच.

आधी ठरवायला हवे की आपल्याला बघायचे काय आहे. रोषणाई, कापसाचा बर्फ आणि प्लास्टिकचे झाड बघायचे असेल तर शहरातला कुठलाही मॉल पुरतो. पण नाताळ हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, तोही पाव, बटाटा, काजू, चावी, पगार यांच्या सोबतीने. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर हा सण काही काल-परवाचा नाही. म्हणून मी एकच अट ठेवली. जिथे नाताळ हा गावातल्या माणसांचा सण आहे, हॉटेलवाल्यांचा सीझन नाही, असे गाव हवे.

ही अट का, तर त्याचे कारण आमच्या रमजानमध्ये आहे. रमजानमध्ये मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या आसपास संध्याकाळी काय गर्दी उसळते ते सगळ्यांना ठाऊक आहे. कबाब, मालपुवा, फिरनी खायला सगळ्या जातीधर्माचे लोक येतात. मला ते मनापासून आवडते. पण येणाऱ्यांत दोन तऱ्हा असतात. एक जण नमाज पढणाऱ्याच्या तोंडासमोर मोबाइल धरून व्हिडिओ काढतो, आणि मगरिबच्या अजानला दहा मिनिटे असताना रोजेदार दुकानदाराकडे ‘लवकर दे ना’ म्हणून घाई करतो. दुसरा एखाद्या मित्राचा हात धरून येतो, त्याच्याबरोबर दस्तरखानवर बसतो, आणि रोजा नसूनही अजान होईपर्यंत खजुराला हात लावत नाही. त्याला कोणी तसे सांगितलेले नसते. पहिला गिऱ्हाईक, दुसरा मेहमान. दोघांचे पैसे सारखेच, पण आम्हाला वर्षभर आठवतो तो दुसरा. दुसऱ्याच्या सणाला जायचे तर मला त्या दुसऱ्यासारखे जायचे आहे.

या हिशेबाने यादी लहान होत गेली. पाचगणी, माथेरान ही इंग्रजांनी वसवलेली थंड हवेची ठिकाणे. तिथे जुनी चर्च आहेत, हवा सुरेख आहे, पण डिसेंबरअखेरीस तिथली गर्दी आपल्यासारख्याच पर्यटकांची. वसईचा मोह मोठा होता. तिथले सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती घरात मराठीच्याच बोली बोलतात, चर्चमध्ये मराठीतून उपासना होते, आणि याच मातीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा साहित्य संमेलनाध्यक्ष मराठीला दिला. पण वसईला आता महानगरपालिका आहे, आणि मुंबईकराला ती लोकलने सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याइतकी जवळ आहे. तिथे जरूर जावे, पण मुक्कामासाठी मला वेगळे गाव हवे होते.

शेवटी बोट थांबले ते रायगड जिल्ह्यातल्या रेवदंडा-कोर्लईवर. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीत बसायचे, मांडव्याला उतरायचे, अलिबाग मागे टाकून चौलच्या नारळी-पोफळीतून रेवदंड्याला पोहोचायचे. रेवदंडा हे गावच मुळात पोर्तुगीजांच्या तटबंदीत वसले आहे. तटाच्या आत वाड्या आहेत, घरे आहेत, पडक्या चर्चच्या भिंती आहेत आणि सातखणी म्हणून ओळखला जाणारा उंच मनोरा आहे. पुढे कुंडलिका खाडीचा पूल ओलांडला की कोर्लई. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या चिंचोळ्या सोंडेवर किल्ला, त्याच्या पायथ्याशी दीपगृह, आणि अलीकडे गाव.

कोर्लईचे खरे नवल तिथल्या बोलीत आहे. पोर्तुगीजांनी चौलला १५२१ मध्ये किल्ला बांधायला घेतला, १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून जिंकला, आणि १७४० मध्ये हा सगळा मुलूख मराठ्यांच्या हाती देऊन ते निघून गेले. राज्य करणारे गेले, कष्ट करणारी माणसे मागे राहिली. त्या ख्रिस्ती कुटुंबांनी पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली आपली बोली टिकवून ठेवली. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास. पोर्तुगालशी संबंध तुटून पावणेतीनशेहून जास्त वर्षे झाली, तरी आई मुलाला याच भाषेत हाक मारते आणि बाजारात तीच आई मराठी बोलते. घरात दखनी आणि बाहेर मराठी बोलत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

आणि हा किनारा फक्त पोर्तुगीजांचाही नाही. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल-मसूदी चौलला आला होता. तो या बंदराला सैमूर म्हणतो. इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, आणि त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच मुखिया राजा नेमतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. पंधराव्या शतकात रशियातला अफनासी निकितिन हा व्यापारी घोडा घेऊन याच चौलला उतरला. वाटेत लुटारूंनी त्याची पुस्तके नेली होती, त्यामुळे ईस्टर कधी येतो हेही त्याला कळेनासे झाले होते. पुढे जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. त्याला सोडवले तेही एका खुरासानी मुसलमानानेच. परक्या मुलखात आपला सण हरवून बसलेला हा ख्रिस्ती माणूस मला शाळेतल्या राजेरजवाड्यांपेक्षा जवळचा वाटतो. एकाच धर्माचे दोघे त्याला भेटले, पण एकाने अडवले आणि दुसऱ्याने सोडवले.

याच रेवदंड्यात बेने इस्राएलींचे सिनेगॉग आहे आणि चौलच्या डोंगरावर दत्ताचे देऊळ. दत्तजयंतीची तिथली यात्रा मार्गशीर्षातली, म्हणजे बहुधा डिसेंबरातच. २०१५ साली तर २४ डिसेंबरला ईद-ए-मिलाद, २५ ला नाताळ आणि त्याच पौर्णिमेची दत्तजयंती, असे सगळे एका आठवड्यात आले होते.

गाव ठरले म्हणून राहण्याची जागा ठरत नाही. आमच्यासाठी त्यात एक जास्तीची पायरी असते. फोनवर खोली मोकळी असते. नाव विचारले जाते, मी सांगतो, पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग ‘जरा बघून सांगतो’. तो बघून सांगणारा फोन येत नाही. यंदाही दोनदा असे झाले. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना हे नवीन नसेल, अनेकांना पहिल्यांदाच कळत असेल. छोटे आणि छान गाव निवडताना तुम्ही समुद्र किती लांब ते विचारता. आम्ही तेही विचारतो, पण आधी नाव सांगून बघतो. तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी फोन घेतला. नाव ऐकून म्हणाल्या, “किती माणसं? आणि मासे चालतात ना सगळ्यांना?” बास, एवढेच. हलालचा प्रश्नही कोकणात माशाने सुटतो.

दुसरा अडसर घरातलाच. अम्मी म्हणाली, “फिरायला जा खुशाल, पण नाताळच्या दिवशीच कशाला?” व्हॉट्सअॅपवर दर डिसेंबरला फिरणारे ते मेसेज तिच्यापर्यंतही पोहोचतात, नाताळच्या शुभेच्छा दिल्या तर ईमान जाते म्हणणारे. मी वाद घातला नाही. माझ्यापेक्षा तीच कुरआन जास्त वाचते. ईसा अलैहिस्सलाम आमचेही पैगंबर, आणि कुरआनात नावाने उल्लेख असलेली स्त्री एकच, हजरत मरियम. ईसा खुदाचे पुत्र ही त्यांची श्रद्धा आमची नाही. हा फरक खरा आहे आणि तो लपवून दोस्ती करायची गरज नाही. मी अम्मीला फक्त हबशाच्या हिजरतीची आठवण दिली. मक्केत जगणे अशक्य झालेल्या पहिल्या मुसलमानांना आसरा दिला तो हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने. त्याच्या दरबारात जाफर यांनी सूरह मरियम ऐकवली आणि तो रडला, असे सीरतच्या ग्रंथांत येते. तेव्हा आपण मेहमान होतो, ते यजमान. कोर्लईहून पुढे मुरूडला गेले की जंजिरा दिसतो, तो त्याच हबशाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिद्दींचा. मी म्हटले, “अम्मी, तोही बघू.” ती काही बोलली नाही, पण तिने प्रवासाला कोणती चादर घ्यायची ते विचारले.

आता तिथे वागायचे कसे, हेही घरात बोलून ठेवले आहे. मध्यरात्रीच्या मिस्साला जायचे तर आधी यजमानीणबाईंना विचारायचे, त्या हो म्हणाल्या तर मागच्या बाकावर बसायचे. मोबाइल खिशात. प्रसादाची भाकर वाटली जाते तेव्हा रांगेत उभे राहायचे नाही, ती त्यांच्या श्रद्धेची गोष्ट आहे. कोणाच्या दारातल्या गव्हाणीचा फोटो घराबाहेर उभ्या माणसाला विचारल्याशिवाय काढायचा नाही. घरात बोलावले तर जायचे, आणि निघताना रमजानमध्ये आमच्याकडे इफ्तारला या म्हणून पत्ता देऊन यायचे. धाकटीने विचारले, “ते खरंच येतील?” मी म्हटले, “न का येईनात, बोलवायचं आपण.”

दोन खोल्या ठरल्या आहेत, २३ ते २६. अम्मीने काल यजमानीणबाईंसाठी खजुराचा डबा बाजूला काढला. केक का नाही, असे माझ्या मुलीने विचारले. अम्मी म्हणाली, “ईसा नबी जन्मले तेव्हा मरियमबीबींनी झाडाखाली खजूरच खाल्ले होते. त्या बाईंना सांग, आमच्या किताबात असं लिहिलंय.”