अब्बांच्या सायकलवरून फुफीच्या घरी

अहिल्यानगर ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर साधारण ११५ किलोमीटर. एसटीने माणूस तीन-साडेतीन तासांत पोहोचतो. आम्हा दोघा भावांना मात्र फुफीचं दार गाठायला ९ वर्षं लागली. गेल्या जानेवारीत गेलो, तेही सायकलवरून.

सायकलच कशाला, असं अम्मीनेही विचारलं. अब्बा तरुणपणी दर ईदला आपल्या एकुलत्या एका बहिणीला ईदी द्यायला याच रस्त्याने सायकलवर जायचे. पुढे दादांचं घर विकलं गेलं. फुफीचा हिस्सा तिला मिळाला नाही. तिने मागितला नाही, अब्बांनी दिला नाही आणि हळूहळू येणं-जाणं बंद झालं. अब्बांच्या इंतिकालानंतर आम्ही मौलानांकडे गेलो. ते म्हणाले, "वाटणीच्या आधी मय्यतीवरचं कर्ज फेडायचं असतं. बहिणीचा अडवलेला हिस्साही कर्जच आहे." भावाला दोन भाग आणि बहिणीला एक, हे सूरह निसामध्ये ठरवून दिलेलं आहे. तो तिचा हक्क आहे, आपली मेहरबानी नव्हे.

हिश्श्याच्या रकमेचा चेक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला. अब्बांची जुनी सायकल दुरुस्त करून घेतली, दुसरी गिअरची सायकल शेजाऱ्यांकडून मागून आणली. फजरची नमाज पढून, सफरची दुआ करून निघालो. दर १० किलोमीटरला सायकली बदलायच्या, असं ठरलं होतं.

जेऊरपर्यंत थंडीने बोटं आखडली होती. इमामपूरचा घाट उताराचा, तिथे अब्बांच्या सायकलचे ब्रेक किंचाळू लागले, म्हणून उतरून चालत गेलो. पांढरीचा पूल, घोडेगाव, वडाळा अशी गावं मागे पडत गेली. उसाने भरलेले ट्रॅक्टर-ट्रॉली बाजूने जाताना आम्ही थेट मातीत उतरायचो. समोरून वारा होता. सायकलवर बोलता येत नाही, त्यामुळे प्रत्येक जण आपापल्या विचारात. फुफीने दारच उघडलं नाही तर?

नेवासा म्हणजे ज्ञानेश्वरीचं गाव. महामार्गावर नेवासा फाटा लागतो. तिथे थांबून जुहर अदा केली. मुसाफिर असल्याने दोनच रकअत फर्ज. भाकरी सोडली तेव्हा एक हदीस आठवली. सहीह मुस्लिममध्ये ती आहे. एक माणूस दुसऱ्या गावी आपल्या भावाला भेटायला निघतो. वाटेत अल्लाहने नेमलेला फरिश्ता त्याला विचारतो, तुझं त्याच्याकडे काही काम आहे का? तो म्हणतो, नाही, अल्लाहसाठी माझं त्याच्यावर प्रेम आहे, एवढंच. फरिश्ता त्याला सांगतो की अल्लाहचंही तुझ्यावर प्रेम आहे. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमचं तर काम होतं, आणि तेही फार उशिराचं.

प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते. पूल ओलांडला की मराठवाडा. १९४८ पर्यंत पलीकडे निझामाचं राज्य होतं. पुलावर थोडं थांबलो. अब्बाही इथे थांबत असतील, असं वाटलं. नदीनंतर रस्ता हळूहळू चढत जातो. ढोरेगावच्या पुढे चाक पंक्चर झालं आणि पाऊण तास गेला. वाळूजला पोहोचलो तेव्हा कारखान्यांची पाळी सुटली होती. त्या गर्दीतून वाट काढत नगर नाका, छावणी करत मलिक अंबरने बांधलेल्या भडकल दरवाजापाशी आलो, तेव्हा मगरिबची अजान होत होती. नमाज पढून शहागंजमार्गे रोशन गेट गाठलं.

दार फुफीनेच उघडलं. आमच्याकडे न बघता तिने आधी सायकल पाहिली. सीटवरून हात फिरवला. मग म्हणाली, "इतनी देर कायकू लगी रे?"

पंक्चरचं सांगावं की ९ वर्षांचं, हे आम्हाला कळेना. आम्ही मान खाली घालून उभे राहिलो. तिने पाणी आणलं, मग गरम रोटी आणि सालन. जेवण झाल्यावर चेक पुढे ठेवला आणि अब्बांच्या वतीने माफी मागितली. तिने तो नाकारला नाही, याचं आम्हाला बरं वाटलं. "हा माझा हक्क, तो मी घेते," ती म्हणाली. "तुमच्या अब्बांना मी त्यांच्या जनाज्याच्या दिवशीच माफ केलं. पण तुम्ही लोकं का आला नाहीत?" याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला रिक्षाने बीबी का मकबरा पाहायला नेलं. शहजादा आजम शाहने आई दिलरस बानो बेगमसाठी बांधलेला हा मकबरा घराच्या एवढा जवळ, पण गुडघेदुखीमुळे फुफी कित्येक वर्षं तिकडे गेली नव्हती. ती कट्ट्यावर बसून अब्बांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत राहिली. आम्हाला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं.

परत एसटीने निघालो. मागून आणलेली सायकल टपावर चढवली. अब्बांची सायकल फुफीने ठेवून घेतली. म्हणाली, "न्यायला या."

वाचकहो, ज्या बहिणीचा, फुफीचा हिस्सा द्यायचा राहिला आहे, अशी घरं आपल्यात थोडी नाहीत. सायकल असो की एसटी, तिच्या दारी जायला उशीर करू नका. आम्ही रमजानच्या आधी पुन्हा जाणार आहोत, इन्शाअल्लाह.