गळ्यातली घंटी, गळ्यातला पट्टा

तिन्हीसांजेला गुरं परतायची तेव्हा कुणाची कुठवर आली, हे आवाजावरूनच कळायचं. पितळी घंटी किणकिणायची, लोखंडी जाड वाजायची, लाकडी ठकठकायची. रात्री गाय निवांत रवंथ करत असली की घंटी संथ हलायची. ती लय मोडली, सारखी उठबस ऐकू आली, की आजी कंदील घेऊन गोठ्यात जायची. बळस, म्हणजे माजाचा चिकट स्राव, दिसली, हंबरणं वाढलं, की सकाळी वळू पाहायला माणूस निघालाच.

आता ही राखण गळ्यातला पट्टा करतो. त्यातला सेन्सर हालचाल नि रवंथ मोजतो आणि माजाचा निरोप मोबाइलवर धाडतो. हे मोलाचं काम आहे. गाईचा माज साधारण १२ ते १८ तासांचा. हुकला की पुढच्या माजापर्यंत २१ दिवसांचा खर्च अंगावर. म्हशीचा मुका माज तर जाणत्यालाही चकवतो. पण बॅटरी संपली की पट्टाही मुका. घंटी गाईच्या चालण्यावरच वाजायची, तिला सेल लागत नसे.

म्हणूनच जनावराच्या हालचालीतून वीज काढण्याच्या प्रयोगांचं मला फार अप्रूप आहे. तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक हललं की वीज निघते, हे फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलं. दाबल्यावर वीज देणारे स्फटिक क्युरी बंधूंनी १८८० मध्ये. २०२३ मध्ये डेन्मार्क-जर्मनीच्या संशोधकांनी हालचालीवर चालणारा माग काढणारा पट्टा कुत्रा, एक्समूर पोनी आणि युरोपीय बायसन यांच्या गळ्यात बांधून पाहिला. वीज मिळते ती चिमूटभर. त्यामुळे असं यंत्र बहुतेक वेळ झोपून राहतं, साठा झाला की निरोप पाठवून पुन्हा झोपतं.

पोनी माळावर हिंडतं. आपल्याकडची कितीतरी गुरं दिवसभर दावणीला. त्यांची हलते ती मान, कान आणि जबडा. पण रवंथच दिवसाला सात-आठ तास चालतं! शिवाय आजारी गाय मलूल होऊन बसते, तेव्हाच निरोप सर्वांत गरजेचा असतो, म्हणून थोडी वीज गाठीला हवीच.

मुक्तसंचार गोठ्यातल्या गाईला निदान चालायला जागा असते. दावणीच्या गाईला तीही नाही. म्हणून अभियांत्रिकीच्या मुलांनो, पशुवैद्यकांना सोबत घ्या आणि दोन गाई दाव्याला बांधणाऱ्यासाठी जबड्याच्या हालचालीवर चालणारा, हलका, परवडणारा पट्टा करून दाखवा.