अंकाई-टंकाईची पायवाट

मनमाडहून येवल्याकडे निघाले की दहा-बारा किलोमीटरच्या आतच एकमेकांना खेटून उभे असलेले दोन डोंगर दिसू लागतात. एक उंच व ताशीव कड्यांचा, तो अंकाई. दुसरा त्याहून थोडा ठेंगणा, तो टंकाई. दोहोंना मधल्या खिंडीने जोडले आहे आणि दोहोंच्या पायथ्याशी अंकाई हे गाव आहे. मांगीतुंगीचे दर्शन आटोपून दक्षिणेकडे निघालेली कितीतरी जैन कुटुंबे या रस्त्याने जातात. पण मोटार सहसा येथे थांबत नाही. टंकाईच्या कुशीत तीर्थंकरांच्या मूर्ती असलेली लेणी आहेत, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

ही लेणी नेमकी येथेच का खोदली गेली असावीत, याचा विचार करताना प्रथम रस्त्याकडे पाहावे लागते. खानदेश आणि गुजरातकडून येणाऱ्या मालाला दख्खनच्या पठारावर शिरण्यासाठी सातमाळा डोंगररांग ओलांडावी लागे. या रांगेतील मोक्याच्या वाटेवर अंकाई-टंकाईची जोडी पहारेकऱ्यासारखी उभी आहे. म्हणूनच इ.स. १६३५ मध्ये शहाजहानच्या सैन्याने हे किल्ले घेतले. त्याच शतकात आलेल्या तेव्हनो या फ्रेंच प्रवाशाने सुरत ते औरंगाबाद या मार्गावरील मुक्काम म्हणून अंकाईची नोंद केली आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी तर तो लढाईवाचूनच ताब्यात घेतला. मात्र लेणी या साऱ्या घडामोडींहून कितीतरी जुनी आहेत. ती साधारणपणे अकराव्या-बाराव्या शतकांतील, म्हणजे यादवांच्या काळातील मानली जातात.

त्या काळी या मुलखात जैन व्यापाऱ्यांचा वावर कसा होता, याचा पुरावा त्र्यंबकेश्वराजवळच्या अंजनेरी येथील शिलालेखात सापडतो. शके १०६३ म्हणजे इ.स. ११४१-४२ च्या त्या लेखात चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिरासाठी दुकाने दान दिल्याचा उल्लेख आहे. एकदाच रक्कम देऊन मोकळे होण्याऐवजी दात्यांनी नियमित उत्पन्नाचे साधनच देवस्थानाला जोडून दिले. व्यापाऱ्याचे दान कसे असावे याचा हा नऊशे वर्षांपूर्वीचा वस्तुपाठ म्हटला पाहिजे. अंकाईच्या लेण्यांचा खर्च कोणी केला, त्या दात्याचे नाव आज कोणाच्या ओठी नाही. तथापि व्यापाराच्या वाटेवर बैलांचे तांडे आणि विहार करणारे मुनी यांची पावले एकाच धुळीत उमटत असणार, हे मनाशी आणणे मुळीच कठीण नाही.

या स्थळी जायचे ते पायीच, आणि शक्यतो कार्तिक पौर्णिमेनंतर. डोंगरभटकंतीची आवड असलेले लोक सह्याद्रीच्या वाटांसाठी पावसाळा उत्तम मानतात. जैन परंपरेने मात्र चातुर्मासात साधु-साध्वींना एकाच ठिकाणी राहण्यास सांगितले, कारण ओल्या मातीत आणि कोवळ्या गवतात पावलागणिक जीवहिंसा होण्याचा संभव असतो. कार्तिक पौर्णिमेला विहार पुन्हा सुरू होतात. त्या सुमारास येथील गवत वाळून सोनेरी झालेले असते, वाट कोरडी आणि स्वच्छ दिसते. पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमितीची शिकवण लहान मुलांना घरात बसवून समजावण्यापेक्षा अशा वाटेवर एका तासात उमगते. मुंग्यांची रांग लागली की मूल आपोआप थांबते, मग त्याच्यामागचे आजोबाही थांबतात.

महामार्ग सोडून गावाकडे वळले की दोन्ही बाजूंना शेती लागते. मक्याची कापणी झालेली असते, बाजरीची कणसे खळ्यावर आलेली असतात आणि बहुतेक वावरांत कांद्याची लागवड चाललेली असते. जमीनकंद वर्ज्य मानणाऱ्या कुटुंबाने कांद्याच्या वाफ्यांमधून लेण्यांकडे जावे, यात थोडी गंमत आहे खरी. पण लासलगाव आणि येवल्याच्या बाजारपेठा याच पिकावर चालतात आणि या दुष्काळी पट्ट्यातील शेतकऱ्याचे वर्ष कांद्याच्या भावावरच ठरते. वाफ्यांत ओणवून रोपे लावणाऱ्या बायकांकडे पाहिले म्हणजे आपल्या नियमाचा आदर राखूनही दुसऱ्याच्या कष्टांचा आदर कसा करावा, हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

गावातून लेण्यांपर्यंत रमतगमत अर्धा तास पुरतो. वाटेत पायऱ्या आहेत, त्यामुळे ज्येष्ठांनाही तेथवर सावकाश जाता येते. उतारावर बोरी, बाभळी आणि निंबाची विरळ झाडी आहे. दाट अरण्य येथे नाही. पण उन्हात चालून आलेल्याला एका निंबाची सावलीही पुष्कळ वाटते. मागे वळून पाहिले की मनमाडकडचा ‘हडबीची शेंडी’ हा अंगठ्यासारखा सुळका दिसतो आणि खाली रेल्वेची गाडी खेळण्यातल्यासारखी सरकताना दिसते.

लेणी ओळीने खोदलेली आहेत. पहिली दोन दुमजली आहेत. खांबांवर आणि दारांच्या चौकटींवर इतके बारीक कोरीव काम आहे की डोळा एका जागी ठरत नाही. हत्तीवर बसलेला यक्ष आणि आम्रवृक्षाखालची अंबिका या मूर्तींना पुष्कळ जण इंद्र आणि इंद्राणी म्हणतात. वेरूळच्या इंद्रसभेतही हाच समज रूढ आहे. अंबिकेजवळचे मूल आणि सिंह मुलांना शोधायला सांगावा; एकदा सापडला की ती ही देवता पुन्हा विसरत नाहीत. तिसऱ्या लेण्यात छतावर कमळ फुललेले आहे, तर आत शांतिनाथ आणि पार्श्वनाथ उभे आहेत. मूर्ती दिगंबर परंपरेच्या आहेत. परंतु दर्शनाला आलेल्या कोणत्याही पंथाच्या श्रावकाचे हात त्यांच्यापुढे आपोआप जोडले जातात.

शांतिनाथांचे लांछन हरिण. याच येवला तालुक्यात ममदापूरच्या माळावर काळविटांसाठी राखीव वनक्षेत्र आहे. सवड असेल तर परतीच्या वाटेवर तेही दुरूनच, गोंगाट न करता पाहावे. दगडातले हरिण आणि माळावरचे हरिण एकाच दिवशी पाहिलेल्या मुलाला जीवदया हा शब्द कोरडा वाटणार नाही.

ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी लेण्यांवरून खिंडीत चढावे आणि दरवाजांमागून दरवाजे ओलांडत अंकाईच्या माथ्यावर जावे. माथा सुमारे ३२०० फूट उंचीवर आहे. तेथे अगस्ती ऋषींच्या नावाने ओळखली जाणारी गुहा आणि पाण्याचे तळे आहे. एका डोंगरावर अगस्तींचे स्थान, शेजारच्या डोंगरावर जिनमूर्ती, आणि पायथ्याला दोन्ही सांभाळणारे एकच गाव, असे हे चित्र आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या मंडळींनी दुपारीच उतरायला लागावे. गाळलेले पाणी आणि दशम्या बरोबर घ्याव्यात, कारण वर काहीही मिळत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला बोचल्याशिवाय राहत नाही. या मूर्तींपैकी कित्येकांचे चेहरे झिजले आहेत, काही भग्न आहेत. भिंतींवर आगंतुकांनी आपली नावे कोरली आहेत आणि आतल्या गाभाऱ्यांत वटवाघळांची वस्ती आहे. लेणी संरक्षित स्मारक आहेत. तेव्हा तेथे अभिषेक करणे, केशर लावणे किंवा चांदीचे डोळे बसवणे हा भक्तीचा मार्ग नव्हे. मग श्रावकाने करायचे तरी काय? ज्या बँक-ठेवीची दहा वर्षे कोणी विचारपूस करत नाही ती बेवारस ठेवींच्या निधीत जमा होते. तरीही वारसाने येऊन हक्क सांगितला तर ती त्याला परत मिळते. अंकाईची ठेवही अशीच विचारपुशीची वाट पाहत आहे. तिच्यावर हक्क सांगणे म्हणजे मालकी गाजवणे नव्हे. वर्षातून एकदा मुलानातवंडांसह पायी यावे, हात न लावता दर्शन घ्यावे, णमोकार म्हणून घटकाभर स्वस्थ बसावे, इतरांनी टाकलेला कचराही पिशवीत भरून खाली आणावा आणि गावातल्या दुकानातून काहीतरी विकत घ्यावे. येणाऱ्यांची वर्दळ राहिली, तर गावालाही लेणी जपण्यात आपले हित दिसेल.

मांगीतुंगीच्या यात्रेचा बेत आखताना त्यात अर्धा दिवस अंकाईसाठी राखून ठेवणे कोणत्याही कुटुंबाला अवघड नाही. उन्हे कलताना टंकाईच्या पायऱ्या उतरून, कांद्याच्या वाफ्यांच्या कडेने, चार हात जमीन पाहत परत यायचे. पूर्वजांचे तांडे ज्या मुलखातून गेले, त्याचा एक तुकडा तरी आपल्या पायांनी चालल्याचे समाधान घरी सोबत येते.